जुनी गाडी खालून वाजते: सस्पेन्शनच्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या रस्त्यांवर दहा-पंधरा वर्षं काढलेली गाडी खालून वाजायला लागली, तर त्यात नवल नाही. तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो आणि गाडीखालचं रबर भाजून निघतं. वाईट याचं वाटतं की आवाज सस्पेन्शनमधून, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यातल्या स्प्रिंग, शॉकअप आणि सांध्यांमधून, नेमका कुठून येतो हे न शोधताच भाग बदलले जातात. माणूस शॉकअपचे पैसे देऊन निघतो आणि पहिल्याच गतिरोधकावर तोच आवाज पुन्हा ऐकतो. आवाज शोधायला वेळ लागतो, पण हत्यारं फारशी लागत नाहीत. वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गाडी खडखड वाजते. सुरुवात कुठून करू?

डिकीतून. स्टेपनी, जॅक, टामी (लोखंडी पहार), पाना, पाण्याचा कॅन, सीटखाली गेलेली बाटली, सगळं बाहेर काढा आणि त्याच रस्त्यावरून एक फेरी मारा. स्टेपनीचा बोल्ट सैल असेल तर ती हुबेहूब मागच्या शॉकअपसारखी वाजते. मग बोनेट उघडून बॅटरी हाताने हलवून बघा. तिची पट्टी सैल असेल तर प्रत्येक खड्ड्यावर पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो.

इंजिन थंड असताना सायलेन्सर हाताने हलवा. त्याला धरून ठेवणारी रबरं आमच्याकडच्या उन्हात लवकर तडकतात आणि पाइप खालच्या पत्र्याला आपटतो. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा एका बाजूने सुटला असेल तर तो बारीक झणझणतो. चाकाच्या वरचं प्लास्टिकचं आवरण आणि इंजिनखालचा चिखल अडवणारा पत्राही बघून घ्या.

मिस्तरीला नेमकं काय सांगायचं?

बहुतेक जण गाडी उभी करतात, “भाऊ, गाडी वाजी राहिनी” म्हणतात आणि चहा प्यायला जातात. मग मिस्तरी स्वतःच्या अंदाजाने काम करतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त कामाचं असतं. गॅरेजला जाण्याआधी दोन दिवस नीट लक्ष द्या आणि या गोष्टी कागदावर लिहून न्या.

वीस-तीसच्या वेगात बारीक खाचखळग्यांवर येतो, की मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यावरच? दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढल्यावर येतो, की एकच चाक खड्ड्यात गेल्यावर? हा फरक फार महत्त्वाचा आहे. स्टॅबिलायझर बार डावं आणि उजवं चाक जोडतो. दोन्ही चाकं बरोबर वर गेली की त्याला पीळ बसत नाही, त्यामुळे त्याचे सांधे सहसा गप्प राहतात. एकच चाक उचललं की ते बोलतात.

पुढे: ब्रेक दाबल्यावर येतो का? खड्ड्यांच्या रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि आवाज थांबला, तर सस्पेन्शन सोडा आणि ब्रेक बघा. ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना झिजल्या असतील किंवा पॅडच्या क्लिपा पडल्या असतील. स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर येतो का? क्लच सोडताना येतो का? तसं असेल तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे त्याला धरून ठेवणारं रबर, बसलेलं असू शकतं. सकाळी जास्त आणि दुपारी कमी, असं होतं का? पाऊस पडल्यावर जातो का? गाडीत चार माणसं बसली की वाढतो का? आणि सगळ्यांत मोलाचा प्रश्न: आवाज सुरू होण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी गाडीचं कोणतं काम केलं होतं?

पंक्चर काढल्यानंतर आवाज सुरू झाला. संबंध असेल का?

असेल, आणि हे वाचणं थांबवून आधी चाकाचे नट तपासा. चाक नीट बसलेलं नसेल किंवा नट सैल असतील तर हळू वेगात ‘टक-टक’ येतो आणि हळूहळू वाढत जातो. नट गोल क्रमाने आवळू नका, एक झाला की त्याच्या समोरचा घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघा.

आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, कळत नाही.

गाडीच्या आत बसून कळणं अवघडच असतं, कारण पत्र्यातून आवाज फिरतो. मागचा आवाज पुढे आणि उजवा डावीकडे ऐकू येतो. काचा खाली करा आणि एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत हळू चालवा. कापसाच्या जिनिंग कारखान्याची भिंत असेल तर उत्तमच. भिंतीकडच्या बाजूचा आवाज परत येऊन स्पष्ट होतो. मग तशीच उलट दिशेने एक फेरी मारा.

गाडी उभी असताना दुसरी पद्धत वापरता येते. एक जण बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी वर-खाली करत राहील. दुसरा जण संशय असलेल्या सांध्यावर हात ठेवेल. कानापेक्षा हात खरं सांगतो, झिजलेल्या सांध्यात प्रत्येक झोल्याला बोटाला ठोका लागतो. हात पोचत नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं सांध्याजवळ धरा. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मात्र घालू नका.

छोट्या खड्ड्यांवर पुढून टकटक येते, मोठ्या खड्ड्यावर फार नाही. शॉकअप गेले का?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यांत जास्त वेळा दिलं आहे: बहुधा नाही. हा लिंक रॉडचा नेहमीचा आवाज आहे. स्टॅबिलायझर बारची टोकं शॉकअपशी किंवा लोअर आर्मशी (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) जोडणारी ही छोटी दांडी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना लहान बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारे सांधे, असतात. त्यावरचं रबरी टोपण फाटलं की शेतरस्त्यावरची धूळ आत जाते, ग्रीस सुकतं आणि सांधा खुळखुळा होतो.

तपासताना एक गोष्ट सांभाळा. एकच बाजू जॅकवर उचलली तर बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. म्हणून चारही चाकं जमिनीवर असताना, किंवा पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून, दांडी मुठीत धरून जोरात हलवा. तरीही खात्री होत नसेल तर मिस्तरीला दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडायला सांगा, बार आणि दांड्या चाकाला लागणार नाहीत अशा बांधून घ्या आणि गल्लीतल्या गल्लीत हळू फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला. बार सुटलेला असताना वळणावर गाडी जास्त कलते, तेव्हा ही फेरी हायवेवर मारायची नाही.

लिंक रॉड ठीक निघाले तर बार चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जिथे पकडलेला असतो तिथली दोन रबरं बघा. ती आतून झिजून भोक मोठं होतं आणि बार त्यात आपटतो. बाहेरून रबर चांगलं दिसतं, म्हणून पकड काढल्याशिवाय कळत नाही. या रबरांना लिंक रॉडपेक्षाही कमी पैसे लागतात, आणि तरीही ती शेवटी बघितली जातात.

मारुती 800 वाल्यांनी लक्षात ठेवावं की त्या गाडीत वेगळा लिंक रॉड नाही. बारची टोकं थेट लोअर आर्ममध्ये जातात, आणि हाच बार चाकाला पुढे-मागे सरकू देत नाही. त्यामुळे 800 मध्ये ही रबरं गेली की आवाज तर येतोच, शिवाय ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. वरची चाचणी या गाडीवर करायची नाही, बार सोडून ती चालवता येत नाही.

मग शॉकअप गेल्याचं कसं ओळखायचं?

शॉकअप जाताना आवाजापेक्षा वागणूक आधी बदलते. खड्ड्यानंतर गाडी एकदा बसून थांबण्याऐवजी डोलत राहते. हायवेवरच्या लाटेवर पुढचं तोंड वर-खाली होतं. ब्रेक दाबल्यावर गाडी नाक खुपसते. टायर बघा, रबरावर ठरावीक अंतराने खोलगट ठिकाणं पडली असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारतं आहे.

कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना माहीत असते. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा हलली तर शॉकअप कमजोर. पण पूर्ण मेलेला शॉकअपच तिच्यात पकडला जातो, अर्धा गेलेला सुटतो. तेल बघा. दांडीच्या तोंडाशी धुळीचा पातळ ओलसर थर असेल तर घाबरू नका. तेल नळीवरून ओघळलेलं असेल तर तो संपला. शक्य झाल्यास ही तपासणी भर दुपारी, गाडी तासभर चालवून आल्यावर करा. गरम झालेलं तेल पातळ होतं आणि सकाळी ठीक वाटलेला शॉकअप दुपारी हात टेकतो.

मागच्या बाजूला बऱ्याचदा शॉकअप चांगला असतो आणि त्याच्या खालच्या डोळ्यातला बुश, म्हणजे सांध्यात बसणारं रबरी कडं, गेलेला असतो. तो आवाज कोरडा, सलग खडखडणारा असतो. काही गाड्यांना हा बुश सुटा मिळतो. अख्खा शॉकअप घेण्याआधी विचारून घ्या.

ब्रेक दाबला की एकदाच ‘धप्प’ होतं. गाडी मागे घेतानाही होतं.

लोअर आर्मचे बुश. ब्रेक दाबल्यावर चाक मागे रेटलं जातं, रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर पुढे. बुशचं रबर धातूच्या कड्यापासून सुटलेलं असेल तर आर्म दोन्ही वेळा सरकतो आणि आपटतो. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पुढे-मागे करत ब्रेक दाबून बघा, आवाज पुन्हा पुन्हा काढता येतो. मग आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये टामी घालून हलका जोर द्या. रबर थोडं दबणारच, ते दबायलाच बनवलेलं आहे. आर्म सहज सरकत असेल किंवा रबराला आरपार चीर दिसत असेल तर बदला. चाळीसगावहून कन्नड घाटाने येणं-जाणं असेल तर हे काम लांबवू नका, उतारावर सतत ब्रेक लागतो आणि सैल आर्ममुळे गाडी दिशा सोडते.

आता या पानावरची मला सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. बुश बदलताना आर्मचे बोल्ट अंतिम आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. रबरी बुश फिरत नाही, त्याला पीळ बसतो. गाडी वर उचललेली, चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच बुशला कायमचा पीळ बसतो. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि मालक म्हणतो, माल खराब होता. मिस्तरीला नम्रपणे सांगा: “दादा, बोल्ट अंगठ्यापुरते लावा, गाडी खाली घ्या, दोनदा दाबा, मग पाना मारा.” जाणकार माणूस हे ऐकून नाराज होत नाही.

बॉल जॉइंट गेलाय का, हे घरी तपासता येतं का?

येतं, पण आधी जॅकबद्दल. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग घालायचा नाही, मिनिटभरासाठीसुद्धा. खाली घोडी, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड, लावा. हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगड लावा. काळ्या मातीत किंवा मे महिन्यातल्या मऊ डांबरावर जॅकचं बूड खचतं, म्हणून त्याच्याखाली जाड लाकडी फळी घ्या. अंगणातली फरशीही बोज्याखाली तडकू शकते.

चाक उचलल्यावर घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून आत-बाहेर हलवा. ढिलेपणा जाणवला तर तो बॉल जॉइंटचा असेल किंवा व्हील बेअरिंगचा. दोन्ही वेगळे करायला सोपी युक्ती आहे. आत बसलेल्याला ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. तिथे खेळ असेल तर स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगने डावी-उजवीकडे सरकणारी दात्यांची दांडी) किंवा तिला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड. टाय रॉडच्या सांध्यावर दुसऱ्याने हात ठेवला की लगेच कळतं.

जॅक कुठे लावता यावरही निकाल ठरतो. अल्टो, स्विफ्ट, इंडिका अशा गाड्यांत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवती असते. तिथे जॅक बॉडीच्या ठरवून दिलेल्या जागी लावा आणि चाक लोंबकळू द्या, मग जॉइंट मोकळा होतो. ज्या गाड्यांची स्प्रिंग लोअर आर्मवरच बसते, तिथे उलट आहे: जॅक आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावला पाहिजे. नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो.

बॉल जॉइंटच्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही. तो निसटला तर चाक बाहेर आडवं होतं आणि गाडी जागीच बसते. हे पार्किंगमध्ये झालं तर नशीब. रबरी टोपण फाटलेलं दिसलं, ग्रीसऐवजी वाळलेला चिखल दिसला, तर आवाज नसला तरी जॉइंट बदला.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की ‘टण्ण’ असा आवाज येतो.

पुढच्या शॉकअपच्या वरच्या टोकाला रबरी माउंट आणि बेअरिंग असतं. ते अडकलं की स्टेअरिंगबरोबर स्प्रिंग फिरत नाही, पिळत जाते आणि एकदम सुटते. तोच हा आवाज. बोनेट उघडा, एकाला स्टेअरिंग फिरवू द्या आणि माउंटच्या टोपीवर बोट ठेवा, उडी हाताला लागते.

गाडी पूर्ण वळवून पुढे नेताना ‘कट-कट-कट’ येत असेल तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा. चाकामागचं त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. बारीक खडीवर स्टेअरिंगमध्ये हाताला ठोके जाणवत असतील तर रॅक. रॅकला खेळ कमी करायचा स्क्रू असतो आणि तो आवळून आवाज थांबवतात. जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग परत सरळ येत नाही आणि जड होतं. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

करकर, कुईकुई येते. खाटेसारखी.

कोरडं, कडक झालेलं रबर. इथे पाण्याची बाटली कामाला येते. फवारणीच्या छोट्या बाटलीत साधं पाणी घ्या, एकाच बुशवर मारा, गाडी दाबा. आवाज तसाच असेल तर पुढचा बुश. ज्याच्यावर पाणी पडताच आवाज थांबतो तो दोषी. एका वेळी एकच ओला करा, सगळे एकदम भिजवले तर काहीच कळणार नाही. पहिल्या पावसात, फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढल्यावर, कुईकुई दोन दिवस गप्प होते, तीही याच कारणाने.

सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कृपा करून नको म्हणा. आवाज आठवडाभर थांबतो, पण खनिज तेलाने बुशचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि सुटतं. शिवाय त्यावर धूळ चिकटून लेप तयार होतो आणि मग भेगा दिसत नाहीत. रबरावर काही मारायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे. तोही तात्पुरता, फाटलेलं रबर त्याने जुळत नाही.

वेग वाढला की घरघर वाढते. हे सस्पेन्शन आहे का?

व्हील बेअरिंग किंवा टायर. रिकाम्या हायवेवर हलकंसं डावीकडे-उजवीकडे घ्या. डावीकडे वळताना घरघर वाढली तर बोजा उजव्या चाकावर जातो, म्हणून संशय उजव्या बेअरिंगवर. रस्ता बदलल्यावर, डांबरावरून काँक्रीटवर आल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर.

टायरचं वयही बघा. कडेवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होऊन वाजतं. बगलेवर फुगा आला असेल तर तो टायर लगेच काढा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. जास्त हवा भरली की बारीक खड्डाही आत आपटतो आणि माणूस उगाच शॉकअपवर शंका घेतो.

ओम्नी आणि बोलेरोच्या मागून कर्रकर्र येते.

या दोन्ही गाड्या मागे पाट्यांवर, म्हणजे एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, आहेत. पाटे एकमेकांवर घासतात, मध्ये धूळ बसते आणि गंज धरतो. पाटे उघडून, घासून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधले की बराच काळ शांतता मिळते. पाट्यांचं टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश त्याच वेळी बदला, उघडलेलंच आहे. ‘खट्ट’ असा जड आवाज गाडी सुटताना आणि थांबताना येत असेल तर पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट आणि पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट बघा. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते. यू बोल्ट आवळून घेतल्यावर काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात.

सावदा-रावेरकडे केळीच्या घडांनी किंवा खताच्या गोण्यांनी गाडी भरणाऱ्यांनी वरचा सर्वांत लांब पाटा नीट बघावा. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. पुसून घ्या, टॉर्च मारा.

गॅस किट बसवल्यापासून मागून धडधड होते.

टाकीचं वजन कायम मागे असतं. स्प्रिंग बसते आणि खड्ड्यात गाडी रबरी बफरवर आपटते. सपाट जागी, डावीकडे आणि उजवीकडे, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. एक बाजू ठळकपणे खाली असेल तर तिथली स्प्रिंग बसली आहे किंवा तिचं शेवटचं वेटोळं तुटलं आहे. तुटका तुकडा खाचेत दडून राहतो, म्हणून बोटाने चाचपडून बघा. टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट सैल असले तरी असाच आवाज येतो, पण ते स्वतः आवळू नका. ज्याला किटचं काम येतं त्याच्याकडेच न्या.

लिंक रॉड, बुश, शॉकअप सगळं नवं टाकलं. आवाज तसाच. आता?

आधी केलेलंच काम तपासा. शॉकअपच्या वरचा मधला नट अर्धवट राहिला असेल तर नवा शॉकअप जुन्यापेक्षा जास्त वाजतो. स्प्रिंगचं टोक तिच्या खाचेत बसलंय का, बारची रबरं त्याच जाडीच्या बारची आहेत का, हे बघा.

मग सस्पेन्शनच्या बाहेर पाहा. इंजिन-गिअरबॉक्सचं फाउंडेशन गेलं तर गिअर बदलताना आणि खड्ड्यात, दोन्ही वेळा धक्का येतो. सबफ्रेमचे (इंजिन आणि आर्म धरणाऱ्या खालच्या चौकटीचे) बोल्ट, दरवाजाचं बिजागर, डिकीचं कुलूप हेही असू शकतं. डिकीच्या कुलपाला कापडाची घडी लावून फेरी मारा.

यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने जा. चार भाग एकत्र टाकले तर आवाज कशाने गेला ते कळत नाही, आणि नाही गेला तर पुढे कुठे बघायचं तेही कळत नाही. काढलेले भाग मागून घ्या. झिजलेला सांधा हातात घेऊन हलवला की आपलं निदान बरोबर होतं की नाही, ते तिथेच समजतं.

भाग कंपनीचा घ्यावा की बाजारातला? जोडीने बदलावा का?

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये तडजोड करू नका. तिथे जीव टांगलेला असतो. रबरी बुश नामांकित सुट्या भागांच्या कंपनीचे चालतात. बनावट डबे धुळे-जळगावच्या बाजारातही येतात, म्हणून भागावर कोरलेला नंबर, डब्यावरचा नंबर आणि किंमत जुळवून बघा आणि पक्कं बिल घ्या. रबर नखाने दाबा, प्लास्टिकसारखं कडक लागलं तर परत करा.

शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीने, कारण एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेकमध्ये गाडी ओढते. लिंक रॉडही जोडीने टाकलेला बरा. बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग एकट्याने चालतं. लोअर आर्म, टाय रॉड किंवा पुढचा शॉकअप उघडला असेल तर त्याच दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ जुळवणं, करून घ्या.

गाडी 15 वर्षांची होतेय. पासिंगआधी हे काम करावं का?

करावं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करावी लागते आणि ती पुढे 5 वर्षं चालते. त्या वेळी गाडी तपासली जाते. गाडीचा नंबर एमएच 18, 19 किंवा 39 (धुळे, जळगाव, नंदुरबार) असो, स्टेअरिंग आणि सस्पेन्शनमधला ढिलेपणा तिथे निघण्याआधी आपणच काढलेला बरा. आणि पुढची पाच वर्षं त्याच गाडीतून घरची माणसं कानबाईच्या सणाला गावी जाणार आहेत, वणीच्या देवीला जाणार आहेत.

आवाज असताना गाडी चालवावी की उभी करावी?

लिंक रॉड, बारची रबरं, कोरडे बुश, पाट्यांची करकर: सवडीने केलं तरी चालतं, फक्त वेग बेताचा ठेवा आणि महिनोन् महिने विसरू नका.

लगेच उभी करायची ती अशा वेळी: आवाजाबरोबर स्टेअरिंग सैल झालं किंवा एका बाजूला ओढू लागलं. चाक वाकडं दिसतंय. ठोक्यांचा आवाज वेगाबरोबर अचानक वाढला. खड्ड्यात मोठा ‘कडाक्’ झाला आणि त्यानंतर गाडी एका कोपऱ्यात बसली. चाकाजवळून जळका वास येतोय किंवा रिम हात लावता येणार नाही इतकी तापली आहे. अशा वेळी पारोळा असो की शिरपूर, रात्र असो की लग्नाची घाई, गाडी कडेला घ्या, मागे अडथळा ठेवून दिवे चालू करा, माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा आणि गाडी टोचन करून न्या. पुढचं चाक किंवा स्टेअरिंग सैल असेल तर दोरीने ओढायची नाही, उचलून नेणारी गाडी बोलवा.